न मागता वाढणाऱ्या अक्का

अक्का,

पाहुणे गेले सगळे. तुमचं जलदान झालं, धुळ्याकडची भावकी जेवली, रडली, मैत्रीच्या गालावरून दोन-दोनदा हात फिरवून झाला आणि काल दुपारच्या बसने शेवटच्या मावशीही गेल्या. आता या घरात मी, तुमचा धाकटा भाऊ आणि तुमची लाडाची भाची मैत्री, एवढेच. इतकं शांत घर मेहरूणमध्ये आमचं कधी नव्हतं. असणार कसं? तुम्ही तर झोपेतसुद्धा कोणाला तरी जेवायला बोलवायचात.

तुमची खाट अजून हॉलमध्ये खिडकीखालीच आहे. मिलिंद म्हणाला, गच्चीवरच्या खोलीत नेऊन ठेवू. मी म्हटलं, हात तर लावून बघ. तुमचा भाऊ तुमच्यापुढे गप्प बसायचा आणि माझ्यापुढेही गप्पच बसतो. त्याच्या वाट्याचं सगळं तुम्ही लहानपणीच बोलून टाकलंत, असं मी नेहमी म्हणायचे.

परवा ऋतुजा मॅडमचा फोन आला होता. आधी तुमच्याबद्दल बोलल्या, रडल्या बिचाऱ्या. मग हळूच म्हणाल्या, "वैशालीताई, घाई करत नाही, पण आता एक काहीतरी ठरवू या. मैत्रीची थेरपी क्लिनिकला ठेवायची की घरी? इकडून तिकडे, तिकडून इकडे केलं की तिची घडी मोडते. यावेळी जे ठरेल ते वर्षभर तसंच चालवायचं."

म्हणजे बघा, आपलं भांडण जिथे सोडून तुम्ही गेलात, तिथेच ते कंबरेवर हात ठेवून उभं आहे. आणि समोर कोणी नाही. नणंद-भावजयीचं भांडण एकटीने कसं करायचं हो? मी ठरवलंय आज सकाळी. काय ठरवलं ते शेवटी सांगते. आधी सगळं ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. आयुष्यात पहिल्यांदा ऐकून घ्याल.

तुम्ही आमच्याकडे आलात तो दिवस आठवतो. डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं, मुलीला स्वमग्नता आहे. वागणुकीची थेरपी सुरू करा, जेवढी लवकर तेवढी बरी. मी तो शब्द ऐकून घरी आले आणि स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले. मिलिंदने तुम्हाला फोन केला. दुसऱ्या दिवशी तुम्ही एक पिशवी, तुमच्या बिबडे-पापडांचा डबा आणि गावाकडचा खलबत्ता घेऊन दारात हजर. मी रडत रडत सगळं सांगितलं. तुम्ही ऐकलंत आणि विचारलंत, "नाव काय म्हनतस त्या रोगनं?"

"रोग नाही अक्का. स्वमग्नता."

"ऱ्हाऊ दे. जेवस ना ती?"

"जेवते."

"मंग झालं," म्हणालात आणि पदर खोचून भाकरी थापायला बसलात. त्या संध्याकाळी मैत्री तुमच्या मांडीवर झोपली. माझ्या मांडीवर ती तेव्हा दोन मिनिटं टिकत नव्हती. मला तुमचा इतका राग आला होता आणि इतकं बरं वाटलं होतं, की दोन्ही एकदम कसं होऊ शकतं याचंच नवल वाटलं. तुम्ही परत जायच्या गोष्टी केल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. गावात तुमचं होतं तरी कोण? दादा, तुमचे मालक, गेल्यापासून एकट्याच होतात. पण आम्हाला गरज आहे म्हणून आलात, असंच तुम्ही सगळ्यांना सांगायचात, आणि ते खरंही होतं. माझी पतसंस्थेतली नोकरी टिकली ती तुमच्यामुळे. मिलिंदला चटईच्या कारखान्यात पाळ्या. तुम्ही नसतात तर मी केव्हाच घरी बसले असते आणि घरी बसून सगळ्यांना चावले असते.

लोकांना तोंड द्यायलाही तुम्हीच पुढे. लग्नात कोणी बाई मान वाकडी करून म्हणाली, "अजून बोलत नाही का हो?" तर मी खाली बघायचे. तुम्ही पट्कन म्हणायचात, "बोलनारा बठ्ठा काय दिवा लाई ऱ्हायनात?" त्या बाईचं तोंड बघण्यासारखं व्हायचं. बँडबाजा सुरू झाला की तुम्हीच मैत्रीला घेऊन मांडवाबाहेर जाऊन बसायचात, तिच्या दोन्ही कानांवर आपले तळवे ठेवून. जेवायच्या पंगती उठून जायच्या, तुम्ही तिथेच. तुम्हाला जेवणाचं केवढं, आणि तरी.

हे सगळं लिहिताना तुम्ही देवमाणूस होतात असं वाटेल कोणाला. नव्हतात. हट्टी होतात. सांगतेच आता.

क्लिनिक आधी मी शोधलं. रेल्वेलाइनच्या पलीकडे, औषधाच्या दुकानावरच्या माडीवर. एक खोली, छोटं टेबल, छोटी लाल खुर्ची, भिंतीला आरसा, साबणाचे फुगे काढायची बाटली. ऋतुजा मॅडम वयाने लहान, पण आवाज असा की मैत्रीसुद्धा थांबून ऐकायची. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तिला सगळ्यात जास्त काय आवडतं? केळीचे वेफर, दुसरं काय. जळगावचं पोर. मॅडम म्हणाल्या, मग वेफरपासूनच सुरू करू. वेफर तिच्या समोर धरायचा, लगेच द्यायचा नाही. ती ओरडेल, हात ओढेल, रडेल. थांबायचं. ती मागेल तेव्हाच द्यायचा, आणि मागितला की त्याच क्षणी द्यायचा. आधी बोट दाखवलं तरी चालेल, मग आवाज, मग शब्द.

आणि अक्का, त्या लाल खुर्चीत बसून आपल्या मैत्रीने एक दिवस म्हटलं, "वेफर दे." मी रस्त्याने घरी येईपर्यंत हसत होते. रिक्षावाल्याला सांगितलं मी. त्याने पैसे घेताना पेढे मागितले.

घरी आले, तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "ऐकाड मले." मैत्रीला मांडीवर घेतलंत, डबा उघडलात, आणि ती 'वे' म्हणायच्या आत मूठभर वेफर तिच्या हातात!

"अक्का, तिला बोलू तर द्या!"

"मन्हा घरमा लेकरू मांगीसन खाई का?"

इथूनच सुरू झालं आपलं. घरात मैत्री एक शब्द काढायची नाही. काढेल कशाला? ती फ्रिजकडे बघायची, तुम्ही दूध काढायचात. ती चप्पल उचलायची, तुम्ही उठायचात. ती नुसती हुं करायची आणि तुम्हाला कळायचं की उजव्या कानामागे खाज सुटलीय. "बठ्ठं समजस मले तिन्हं," हे तुम्ही मोठ्या अभिमानाने सांगायचात. मी म्हणायचे, तुम्हाला समजतं हाच तर घोटाळा आहे. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, अशी म्हण आहे आपल्यात. तुम्ही म्हणालात, असली कसली आई, जोडं मारा तिले.

मॅडम म्हणाल्या, क्लिनिकमध्ये जे शिकली ते घरात उतरलं पाहिजे, नाहीतर ती लाल खुर्चीपुरतीच बोलेल. मी घरी येऊन घेते काही दिवस. तुमच्या ऐटीला पारावार राहिला नाही. बघ, मी म्हने ना घरच बरं!

पण आपलं घर, अक्का! आपल्याकडे पाहुण्याला "जेवणार का" असं विचारणं म्हणजे "जेवू नका" म्हणण्यासारखंच. विचारायचं नसतं, वाढायचं असतं. ताट मांडायचं, माणसाला ओढून बसवायचं, तो "पुरे, पुरे" म्हणत ताटावर हात आडवा धरेल तेव्हा हाताच्या बाजूने अर्धी भाकरी सरकवायची. माझ्या माहेरी वरणगावलाही हेच, सासरी तर बघायलाच नको. ऋतुजा मॅडम पहिल्या दिवशी आल्या, तुम्ही त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवलीत. त्या म्हणाल्या, मी डबा खाऊन आले. तुम्हाला ते ऐकूच गेलं नाही. पोह्यांमागून भरीत आलं, भरितामागून कळण्याची भाकरी. मॅडम जेवतायत म्हटल्यावर मैत्रीला उपाशी कसं ठेवणार? तिलाही वाढलंत. शेजारच्या काकू डोकावल्या, त्यांनी कुरडई आणून दिली. सेशन सुरू होईपर्यंत मॅडमला पेंग आली होती आणि मैत्रीचं पोट टम्म. वेफर समोर धरला तर तिने तोंड फिरवलं. भरल्या पोटी कोण काय मागणार!

मॅडमनी तुम्हाला समजावलं. किती गोडीने समजावलं. तुम्ही मान डोलवलीत, शपथ घेतलीत. पुढच्या वेळी तुम्ही खाटेवर बसून राहिलात, स्वतःच्या हातांवर बसलात अगदी, कारण हात आवरत नाहीत म्हणालात. मैत्री वेफरसाठी रडायला लागली. मॅडम थांबल्या होत्या, मी थांबले होते, भिंतीवरचं घड्याळही थांबल्यासारखं वाटत होतं, आणि मैत्रीने तोंड उघडलं, आता म्हणणार, आता... तेवढ्यात खाटेवरून एक वेफर उडत आला आणि तिच्या मांडीत पडला. तुमच्या पदराला बांधलेले होते! मॅडम हसायला लागल्या. मी नाही हसले. पालथ्या घड्यावर पाणी, म्हटलं, आणि बरंच काही म्हटलं. उद्यापासून थेरपी क्लिनिकलाच, घर बंद, असं जाहीर करून टाकलं.

मग तुमचा अबोला. आणि तुमचा अबोला म्हणजे दिवसभर मैत्रीमार्फत बोलणं. "तुन्ही मायले सांग, आमटीमा मीठ जास्त पडनं." "तुन्ही मायले सांग, तिन्ही ओढणी गच्चीवर वाळी गयी." जी पोर बोलत नाही तिच्याकडून निरोप! मला हसू यायचं, पण मी हसू दिसू द्यायचे नाही. मीही कमी नाही.

पण क्लिनिकला तुम्ही यायचातच. रिक्षात मैत्रीला मांडीवर घ्यायचात, माझ्याकडे पाठ. वर चढताना गुडघे धरायचात, तरी चढायचात. दाराबाहेरच्या बाकावर बसायचात. आणि त्या दिवशी, उन्हाळा होता, दार अर्धवट उघडं राहिलं होतं. आत मॅडमच्या हातात पाण्याचा पेला होता. मैत्री त्यांच्या हाताकडे बघत होती. मग ती म्हणाली, "पानी दे."

मी तर उडालेच. नवा शब्द! मॅडमही खूश झाल्या, पेला पुढे करता करता लाडाने म्हणाल्या, "शाब्बास! अजून एकदा म्हण?"

मी तुमच्याकडे वळले, म्हटलं आता अबोला सुटेल. तुम्ही बाकावर नव्हतात.

खाली उतरून बघते तर तुम्ही औषधाच्या दुकानापुढे उन्हात उभ्या, पदर तोंडाला. मला वाटलं चक्कर आली. परत येताना मेहरूण तलाव आला तशी तुम्ही रिक्षावाल्याच्या खांद्यावर थाप मारलीत, "थांबाड भाऊ." उतरलात, काठाच्या कट्ट्यावर जाऊन बसलात. मैत्री बदकांकडे बघत हात फडफडवत होती. आणि मग अबोला मोडून तुम्ही पहिलं वाक्य बोललात.

"आमीन मांगीसन पानी पिनूत, वैशू."

मला कळलं नाही आधी. मी वरणगावच्या फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये वाढले. आमच्या ओट्यावर नळ होता, बाबांनी त्यावर पितळी तोटी बसवली होती, मी ती चिंचेने घासायचे. पाण्याचं दुःख मला सभेतल्या भाषणांतून माहीत, पुस्तकांतून माहीत. तुम्हाला ते घशातून माहीत होतं. तुम्ही सांगितलंत. गावची विहीर, तिच्या काठावर आपल्या माणसांनी चढायचं नाही. तुम्ही मैत्रीपेक्षा थोड्या मोठ्या असाल, आईने कळशी देऊन पाठवलेलं. लांब बसायचं, उन्हात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना म्हणत राहायचं, माय, पानी द्या व. कोणाला दया आली तर वरून ओतायची, शिंतोडा उडणार नाही इतक्या वरून. आणि एकदा तुमच्याच वयाची एक पोरगी पोहरा भरून उभी राहिली, हसत. पाणी ओतेना. म्हणाली, अजून एकदा म्हण.

"मी म्हने," तुम्ही म्हणालात. "तहान लागेल व्हती. मी फिरीसन म्हने."

तलावाच्या काठी बसून मी तुमचा हात धरला. तुमच्या हाताला तेव्हाही भाकरीच्या पिठाचा वास होता. तुम्ही म्हणालात, "मॅडम चांगली शे. तिले काय म्हाईत? पन तू एक कर. बाकी काय मांगाडनं ते मांगाड पोरले. पानी मांगाले लावू नको."

इतके दिवस मी समजत होते, तुम्ही लाड करता. लाड होताच हो. पण त्या लाडाखाली हे होतं. या घरात कोणी काही मागू नये, मागायची वेळच येऊ नये, म्हणून तुम्ही आयुष्यभर सगळ्यांच्या आधी धावत होतात. पाहुण्याच्या आधी, भावाच्या आधी, भुकेच्या आधी.

मी मॅडमना सांगितलं. त्या स्वतः घरी आल्या, तुमच्याजवळ खाटेवर बसल्या. म्हणाल्या, "अक्का, पाणी मी यापुढे कधी हातात धरणार नाही. ते तिला दिसेल असं, हाताशी असेल असं ठेवू." तुम्ही त्यांना जेवायला वाढलंत. त्याही निमूट जेवल्या, "पुरे" न म्हणता. दुसऱ्या दिवशी तुम्ही बाजारातून तोटीवाला माठ आणलात आणि हॉलमध्ये बुटक्या स्टुलावर बसवलात, मैत्रीच्या उंचीचा. तिला तोटी फिरवायला शिकवलं ते तुम्ही. न मागता, न वाढता, आपलं आपण पाणी. पाहुणे त्या माठाला अडखळायचे आणि तुम्ही पाहुण्यांनाच रागवायचात.

आता तुम्हाला वाटेल, इथे भांडण मिटलं. कशाचं मिटतंय!

पाणी सोडून बाकी सगळं उरलंच होतं ना. मी म्हणायचे, क्लिनिक बरं. तिथे वेळ ठरलेली, जागा ठरलेली, मध्ये कुरडई घेऊन कोणी येत नाही, तिथे ती बोलते. घरात तिचं सगळं न बोलता भागतं, आणि आपण तिला जन्मभर पुरणार आहोत का? उद्या शाळेत, रस्त्यात, कोणाला कळणार आहे की हुं म्हणजे खाज? तुम्ही म्हणायचात, क्लिनिकात ती टेबलाशी बोलते, माणसाशी नाही. मॅडमचा रुमाल बदलला तरी पोर बावरते. जिथे जगायचंय तिथेच शिकू दे. "घर म्हंजे काय नुसतं जेवाना ठाव शे का?" असं तुम्ही विचारलंत, आणि मी म्हटलं, तुमच्या हाती असलं तर हो. तुम्ही हसलात. भांडताना तुम्हाला मध्येच हसू यायचं, तेवढं एक बरं होतं.

खरं सांगू? आपण दोघीही बरोबर होतो आणि दोघींनाही ते ठाऊक होतं. मॅडमही हेच म्हणायच्या, दोन्हीचे फायदे आहेत, मुलीकडे बघून ठरवा. पण आपण मुलीकडे कुठे बघत होतो? एकमेकींकडे बघून ठरवत होतो. आणि मला ते भांडण आवडायचं. ऑफिसातून येताना रिक्षात मी उत्तरं जुळवत यायचे, आज अक्कांना हे म्हणेन. दार उघडताच तुम्ही असं काही बोलायचात की माझी सगळी उत्तरं फुकट. सासर म्हणजे काय असतं ते मला सासू नव्हती म्हणून कळलंच नाही, असं मी मैत्रिणींना सांगते. बहीण काय असते ते कळलं. मोठी, भांडखोर. हे तुमच्या तोंडावर म्हणायचं राहिलं. तुम्ही म्हणाला असतात, "तोंड वाकडं करीसन काय सांगस, भाजी निवड." आणि विषय संपला असता.

तुम्ही गेलात त्या सकाळी मेथीच निवडत होतात. अर्धी जुडी निवडलेली, अर्धी तशीच. "छातीमा जळजळ शे," एवढंच म्हणालात. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुम्ही कोणालाच काही करू दिलं नाहीत. पाणीसुद्धा मागितलं नाहीत, अक्का.

मग घर माणसांनी भरलं. मैत्रीचे हाल झाले. एवढे आवाज, एवढे हात. जो येईल तो तिच्या हातात काहीतरी कोंबत होता, बिस्कीट, वेफर, केळं. ती कोपऱ्यात बसून कानात बोटं घालून झुलत होती. तिने तुम्हाला शोधलं नाही. खाटेकडे बघितलं नाही. एक बाई हळहळली, "बरंय बाई, तिला कुठे कळतंय." मला त्या बाईचं तोंड दाबावंसं वाटलं. पण अक्का, आतून मीही घाबरले होते. खरंच कळलं नसेल तर? जिने हिच्यासाठी पंगती सोडल्या ती बाई घरातून नाहीशी झाली आणि हिला काहीच कमी पडलं नसेल तर? मग कसली थेरपी, कसलं घर आणि कसलं क्लिनिक. त्या दिवसांत मी मनाशी ठरवून टाकलं होतं, क्लिनिकच. त्या लाल खुर्चीत निदान वेफर तरी मागते.

काल शेवटच्या मावशी गेल्या. संध्याकाळी मी कणीक मळत होते. मिलिंद गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी काढत होता. मैत्री स्वयंपाकघरात आली. माझं मनगट धरलं, कणकेने भरलेलं, तिला चिकट काही चालत नाही तरी धरलं, आणि ओढत हॉलमध्ये नेलं. मला वाटलं वेफरचा डबा. मी फळीकडे वळले, तशी ती ओरडली आणि उलटी ओढायला लागली. खाटेपाशी येऊन थांबली. तुमच्या गादीवर हात आपटला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, सरळ डोळ्यांत, असं ती कधी बघत नाही.

आणि म्हणाली, "अक्का दे."

कोणी शिकवलं नव्हतं, अक्का. कोणी समोर काही धरलं नव्हतं. टेबल नाही, खुर्ची नाही, मॅडम नाहीत. आपल्या घरात तिने पहिल्यांदा काही मागितलं.

मागितलं की त्याच क्षणी द्यायचं, असं शिकवलंय आम्हाला. मी पिठाचे हात घेऊन तशीच उभी. ती वाट बघत होती. तिने बरोबर मागितलं होतं, शब्दही बरोबर होते, माणूसही बरोबर होतं. मी खाली बसले, तिच्या उंचीला आले, म्हटलं, "मैत्री, अक्का गेल्या. अक्का नाहीत आता." तिने ऐकलं. मग, आपलंच काहीतरी चुकलं असेल असं वाटून, तिने पुन्हा, जास्त नीट, एकेक अक्षर सुटं करून म्हटलं, "अक्का दे."

मी मोठ्याने रडले. तुमच्या जलदानालाही इतकी रडले नव्हते. तिने कानात बोटं घातली, पण गेली नाही, तिथेच खाटेला टेकून उभी राहिली. मिलिंद चादरी घेऊन खाली आला आणि दारातच थांबला. त्याने ऐकलं होतं. तो खाटेवर बसला, तुमच्या जागी नाही, पायथ्याशी, आणि आम्ही तिघं दिवे लावायची वेळ टळून जाईपर्यंत तिथेच होतो.

आज सकाळी मॅडमना फोन केला. म्हटलं, घरी या. त्या म्हणाल्या, "वैशालीताई, अक्का नाहीत, तुमची नोकरी, जमेल का?" म्हटलं, जमवू. मिलिंद सकाळची पाळी बदलून घेतोय. तिला जे हवंय ते याच घरात होतं आणि आता याच घरात नाहीये, तर मागायलाही तिला इथेच शिकू द्या.

तेव्हा घरी, अक्का. तुम्ही जिंकलात, मी हरले, मोहल्ल्यात सांगून येते हवं तर. पण असं कोणी भांडण जिंकतं का हो? या ना परत, आणि हरा एकदा माझ्याकडून.

तुमची,
वैशू